जुनं शहर पाहायचं तर वेशीच्या आत राहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हिवाळ्यातल्या छोट्या सहलींवर पानभर लेख आला होता. जयपूर, अहमदाबाद, हैदराबाद अशी जुनी शहरं, प्रत्येकाखाली चार ओळींचा इतिहास आणि शेवटी ‘कुठे राहाल’ म्हणून हॉटेलांची नावं. इतिहास ठीक होता. पण हॉटेलांची यादी ज्यानं केली त्यानं या शहरांत पाय तरी ठेवला असेल का, अशी शंका आली. अहमदाबादखाली दिलेली सगळी ठिकाणं पश्चिमेकडच्या हायवेच्या अंगाची. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मुलांना खेळायला जागा, गाडी लावायची सोय, सगळं लिहिलं. जुन्या शहरातला भद्राचा किल्ला तिथून किती लांब, हे मात्र कुठंच नाही. माणूस ज्यासाठी एवढा खर्च करून जातो ते खोलीपासून किती अंतरावर आहे, एवढंच तेवढं गाळायचं आणि बाकी सगळं छापायचं, ही कसली माहिती?

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की फेब्रुवारीत आम्ही गावातल्या पाचसहाजणी कुठं ना कुठं जातो. माझ्या जाऊबाई, धाकटी नणंद, शेजारच्या काकू, असा गोतावळा. सगळ्या साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. दोघींचे गुडघे दुखतात, एकीला साखर आहे. टूरवाल्याबरोबर आम्ही जात नाही, कारण तो कुठंच पुरेसं थांबू देत नाही. खोली शोधायचं काम माझ्याकडं असतं आणि त्यावरून मी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर माफ करा. कापायचंच झालं तर सुरुवात कापा, चंद्रपूरचं कापू नका.

अहमदाबादचंच उदाहरण घेते, कारण ते आम्हाला सोयीचं आहे. हावड्याहून येणारी अहमदाबादची गाडी वर्ध्याला मिळते आणि अकोला, भुसावळ, सुरत करत तिकडं पोचवते. साबरमती नदीच्या पूर्वेला जुनं शहर, पश्चिमेला नवं. कालूपूरचं मोठं रेल्वे स्टेशन पूर्वेलाच, जुन्या तटाच्या अगदी बाहेर. म्हणजे गाडीतून उतरल्यावर कालूपूर दरवाजा चालत जाण्याच्या अंतरावर असतो. हायवेवरचं हॉटेल घेतलं की बॅगा घेऊन अख्खं जुनं शहर ओलांडायचं, मग नदी, मग नवं शहर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं उलट्या दिशेनं. (स्टेशनचं बांधकाम चालू असल्यानं काही गाड्या दुसऱ्या स्टेशनांवर थांबवतात, तेव्हा तिकिटावरचं नाव वाचून घ्या.)

हे जुनं शहर अहमदशहानं १४११ मध्ये वसवलं. २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा शहर ठरवलं आणि हा मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर. एवढं मोठं नाव, पण तटाच्या आतलं क्षेत्र साधारण ५३५ हेक्टर, म्हणजे तेराशे एकरांच्या आसपास. आमच्याकडं एखाद्या मोठ्या गावाचं शिवार तेवढं असतं. शेतकऱ्याची बाई एवढं शिवार पायी फिरलेली असते. म्हणून ‘आम्हाला चालवणार नाही, गाडीच पाहिजे’ हे म्हणणं मला पटत नाही. चालवतं. फक्त मधे घरी येऊन पाठ टेकायची सोय हवी.

जाहिरातीतल्या ‘शहराच्या मध्यभागी’ या शब्दांवर विसंबू नका. ज्याच्या दारासमोर मॉल आहे तोही स्वतःला मध्यभागी म्हणवतो. मध्य कशाचा, ते आपण ठरवायचं. मी एकच करते. जे पाहायचं आहे त्यातल्या दोन टोकांच्या जागा निवडते आणि त्यांच्यामध्ये खोली शोधते. अहमदाबादला एक टोक कालूपूरचं स्वामिनारायण मंदिर आणि दुसरं जामा मशीद. महानगरपालिकेची हेरिटेज वॉक १९९७ पासून याच दोन टोकांमध्ये चालते. मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांमधून, वळणं घेत मशिदीपाशी संपवायचं. ती सकाळी लवकर सुटते. हायवेवरून यायचं तर साडेसहालाच अंघोळी उरकून रिक्षा शोधावी लागेल. आम्ही चहा पिऊन रमतगमत पोचलो.

आता एक गोष्ट लिहिते जी प्रवासाच्या पानावर कधीच नसते. बायकांना जुन्या शहरात सगळ्यात मोठी चिंता असते ती मोरीची. दिवसभर बाहेर राहायचं म्हणजे सकाळपासून पाणी प्यायचं नाही, असा हिशेब आमच्या पिढीतल्या बायका मुकाट्यानं करतात. आमच्या काकू एस.टी.च्या प्रवासात आयुष्यभर तेच करत आल्या. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते आणि दोष उन्हाला देतात. खोली दहा मिनिटांवर असेल तर हा प्रश्नच मिटतो. बाटलीभर पाणी प्यायचं, गरज पडली तर परत यायचं, पुन्हा निघायचं. साखरेच्या बाईला जेवणाआधीची गोळी आणि जेवणानंतर थोडं आडवं होणं, दोन्ही वेळेवर जमतं. हॉटेल किती तारांकित आहे यापेक्षा ते किती जवळ आहे हे आमच्यासाठी मोठं, त्याचं निम्मं कारण हे आहे. छापायला संकोच वाटला तरी छापा.

आम्ही अहमदाबादला गेलो त्याच सुमाराला माझ्या मोठ्या नणंदेच्या घरचे टूरच्या बसनं तिथं आले होते. त्यांचा मुक्काम हायवेवर. नाश्ता नऊपर्यंत, बस निघाली दहाला, वाहतूक ओलांडून जुन्या शहराच्या तोंडाशी आले तेव्हा ऊन चढलेलं. मोठी बस आत जात नाही. बाहेरच उतरवलं, गाइडच्या छत्रीमागं जामा मशीद, तिथून सिदी सय्यदच्या मशिदीची दगडी जाळी, फोटो, आणि चला परत. सगळं मिळून दीड तास. त्यांनी जे पाहिलं नाही ते आम्ही सकाळी सहाच्या पुढं पाहिलं. आमचं पाहणं काही जास्त हुशारीचं नव्हतं, आम्ही फक्त तिथं झोपलो होतो.

काय पाहिलं ते सांगते. जामा मशिदीजवळ तीन कमानींचा तीन दरवाजा आहे. दिवसा त्याच्या पायाशी कपडे, चपला, भांडी, काय काय विकायला बसलेलं असतं. माणूस गर्दीत नुसता ढकलला जातो, वर मान करायला उसंत नसते. भल्या पहाटे तिथं झाडूवाले आणि दोनचार सायकली. या दरवाज्यावर एक देवनागरी शिलालेख आहे. अहमदाबाद १७५८ पासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांच्या ताब्यात होतं, हे शाळेच्या पुस्तकात आम्ही एका ओळीत उरकायचो. त्या काळातल्या चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदारानं १८१२ मध्ये हुकूम कोरून ठेवला की मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा बिनतक्रार मिळावा. जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला. १८१२! मी तो सगळ्यांना समजावून सांगितला. आमच्या जाऊबाईंनी आदल्याच वर्षी भावाला हक्कसोडपत्र करून दिलं होतं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हे मले तहसीलात कोनी काहून नाही सांगतलं?” पलीकडचा झाडूवाला आमचं हसणं पाहून थांबला. त्याला मोडक्या हिंदीत गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, मी रोज इथं झाडतो, हे मला माहीत नव्हतं.

रात्रीचंही तसंच. माणेक चौक सकाळी गुरांच्या चाऱ्याचा बाजार, दुपारी सराफा, आणि दुकानं बंद झाली की तिथंच खाण्याच्या गाड्या लागतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत. हायवेवर राहणारा माणूस साडेनऊला रिक्षावाल्याशी घासाघीस करून निघून जातो, कारण परतीची काळजी. आम्ही भाजीपाव आणि कुल्फी खाऊन गप्पा मारत चालत घरी आलो. सहा बायका, रात्री अकरा, अनोळखी शहर आणि कुणाला फोन करून ‘पोचलो’ म्हणायची गरज वाटली नाही. (गुजरातेत दारूबंदी आहे, आमच्या वर्धा जिल्ह्यातही आहे. दोन्हीकडं ती कशी पाळली जाते ते विचारू नका, पण रस्त्यावरचा रात्रीचा गलका त्या मानानं सभ्य होता.) राणीचा हजिरा म्हणून राणीवशाच्या कबरी आहेत, त्यांच्याभोवती बायकांच्या कपड्यांचा बाजार भरतो. तिथं आणि रतनपोळमध्ये नणंदेनं एवढं घेतलं की दोनदा खोलीवर सामान टाकून यावं लागलं. जवळ राहण्याचा हा तोटाही धरा.

आम्ही उतरलो होतो ते एका पोळमधलं जुनं लाकडी घर. पोळ म्हणजे एका वेशीच्या आतली दाटीवाटीची वस्ती. आत बोळ, बोळातून आणखी बोळ, मधल्या मोकळ्या जागी पाखरांना दाणे टाकायचा उंच खांबावरचा चबुतरा. घराच्या मधोमध चौक, चारी बाजूंनी कोरीव खांब, आणि चौकाखाली टांकं. पावसाचं पाणी छतावरून उतरवून त्यात साठवायचे आणि वर्षभर प्यायचे. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या बायकांनी कोरीव कामापेक्षा जास्त वेळ त्या टांक्यापाशी घालवला. झाकण किती वर्षांनी काढता, आतून कोण धुतं, पहिल्या पावसाचं पाणी आत घेता की सोडून देता, घरमालकीणबाईंची उलटतपासणीच झाली. पहिल्यांदा आत शिरताना काकू मात्र नाराज होत्या. “काहून वो बाई, एवढ्या दूर येऊन हे घर पाहाले आलो का आपन? माह्या आजीचा वाडा असाच तं होता!” असाच होता. आता नाही, सागवान विकून झाला.

अशा घराचे त्रासही सांगितले पाहिजेत, नाहीतर मीही पुरवणीसारखंच लिहिलं असं होईल. जिने उभे आणि अरुंद, काही ठिकाणी आधाराला नुसता दोर. लिफ्ट नाही, बसवताच येत नाही. रिक्षा पोळच्या तोंडाशी थांबते, पुढं सामान आपलं आपण. खोली लहान. खाली स्कूटर सुरू झाली की वर ऐकू येते, पहाटे अजान, मग देवळाची घंटा, मग कबुतरं. ज्याला आठपर्यंत झोपायचं आहे त्यानं जाऊ नये. नव्या संडासाचे पाईप जुन्या भिंतीतून नेलेले असतात, वर कुणी पाणी सोडलं की सगळ्या घराला कळतं. आणि दिवसा खोलीत उजेड कमी, कारण घर चौकाकडं तोंड करून बांधलेलं असतं.

म्हणून फोटोवर जाऊ नका, फोन करा. मी करते तेव्हा माझ्याजवळ कागद असतो. घर नेमकं कोणत्या पोळमध्ये, जवळची ठळक खूण काय, रिक्षा जिथं थांबते तिथून किती पावलं? तळमजल्यावर खोली आहे का, नसेल तर पायऱ्या किती आणि कठडा आहे का? संडास खोलीला लागून आहे का, बसायचा आहे की उकिडवं बसायचा? हा प्रश्न विचारायला लाजू नका, गुडघ्याचा मामला आहे. गरम पाणी किती वाजेपर्यंत? घरमालक तिथंच राहतात का, की रात्री किल्ली देऊन निघून जाणारा पोरगा आहे? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात माणसं राहतात तिथं चहाला दूध असतं, रात्री दार उघडायला कुणी असतं, आणि उद्या अमकी गल्ली खोदलेली आहे तिकडून जाऊ नका, हे कळतं. उत्तरं देताना जो वैतागतो त्याच्याकडं जायचं नाही. एका ठिकाणच्या माणसानं तर ‘मॅडम, सगळं वेबसाइटवर आहे’ म्हणून फोन ठेवला. बरं झालं.

पैशांचं म्हणाल तर खोलीच्या भाड्याशी रिक्षाचं भाडं मिळवून मग तुलना करा. सहाजणी म्हणजे दोन रिक्षा. सकाळी येणं, दुपारी विश्रांतीला जाणं, पुन्हा येणं, रात्री परतणं. हायवेची ‘स्वस्त’ खोली संध्याकाळपर्यंत महाग झालेली असते, आणि बहुतेक लोक पैसे वाचवायला दुपारची विश्रांतीच गाळतात. आता मेट्रो जुन्या शहरातल्या घीकांट्यापर्यंत जमिनीखालून येते, त्यामुळं ज्यांना नव्या भागातच राहायचं आहे त्यांनी निदान मेट्रोच्या स्टेशनाजवळ तरी राहावं. आम्ही साबरमती आश्रमाला मात्र रिक्षानंच गेलो. तो नदीपलीकडं, उत्तरेला. सेवाग्रामजवळ आयुष्य गेलेल्या माणसांनी तो पाहायचा राहून जाणं बरं नव्हे.

‘हेरिटेज’ पाटीचंही थोडं. हल्ली सिमेंटच्या इमारतीला कमानी चिकटवल्या, दारात फायबरचा हत्ती ठेवला आणि दरवानाला फेटा बांधला की झालं हेरिटेज. केंद्राच्या पर्यटन खात्याचं हेरिटेज हॉटेलांचं वर्गीकरण आहे. त्यात मूळ इमारत १९५० पूर्वीची लागते, वरच्या वर्गांसाठी १९३५ पूर्वीची. तेव्हा सरळ विचारा, घर कधीचं, कुणी बांधलं, आधी इथं काय होतं? खऱ्या घराचा मालक यावर अर्धा तास बोलतो. अहमदाबादला सिदी सय्यदच्या मशिदीसमोर मंगलदास गिरधरदास या गिरणीवाल्या शेठजींचं १९२४ चं घर आहे, त्याचं आता हॉटेल झालं आहे. आमच्या खिशाला ते झेपणारं नाही. पण समोर १५७३ ची दगडी जाळी आणि मागं शंभर वर्षांचं घर, अशा जागी राहायची ज्याची ऐपत आहे त्यानं हायवेला का जावं, हे मला कळत नाही. आपल्या यादीत ते नव्हतं.

प्रत्येक शहराला हे जमतं असंही नाही. जयपूरच्या तटाच्या आत जुन्या हवेल्यांमध्ये राहायच्या जागा भरपूर आहेत, तिथं निवडीचा प्रश्न सोपा. हैदराबादला चारमिनारच्या आसपास आमच्यासारख्यांना रुचेल असं फार थोडं सापडलं. बुऱ्हाणपूर तर अकोला-बुलढाण्याच्या लोकांना जवळचं. शाही किल्ल्यातलं हमाम आणि कुंडी भंडारा ही जमिनीखालची जुनी पाण्याची व्यवस्था पाहण्यासारखी, पण मुक्कामाला लॉजच. तिथं लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता चंद्रपूर. हे पत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

आपल्या विदर्भात तटबंदीचं शहर कोणतं, असं विचारलं तर कितीजण उत्तर देतील? गोंड राजांनी बांधलेला चंद्रपूरचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, त्याशिवाय खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या. राणी हिराईनं आपल्या नवऱ्याची, बीरशहा राजाची समाधी बांधली, ती इथंच. महाकालीचं देऊळ, चैत्रातली यात्रा, इरई आणि झरपट या नद्या. गेली काही वर्षं तिथले तरुण स्वतः खपून तटावरची झाडंझुडपं काढताहेत. आणि तिथून तीसेक किलोमीटरवर ताडोबाचं मोहर्ली गेट. वाघ पाहायला माणसं कुठून कुठून येतात, रिसॉर्टमध्ये राहतात, दोन सफारी करतात आणि आल्या वाटेनं नागपूरला जातात. पाचशे वर्षं राज्य केलेल्या गोंडांचं शहर शेजारी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगितलं तरी ते राहणार कुठं? चंद्रपुरात हॉटेलं आहेत, नाही असं नाही. ती कोळशाच्या आणि विजेच्या कामासाठी येणाऱ्या माणसांच्या सोयीची. परकोटाच्या आतल्या जुन्या घरात, सकाळी उठून जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत पायी जाता येईल अशी खोली मी शोधली, मला मिळाली नाही. एका लॉजवाल्यानं तर ‘बाई, परकोट पाहाले कोन येते?’ असंच विचारलं.

कुणी येत नाही कारण राहायला जागा नाही, आणि जागा नाही कारण कुणी येत नाही. हे कुठून तरी तोडावं लागेल. राज्याची न्याहारी-निवास योजना वर्षानुवर्षं आहे. घरमालकानं नोंदणी करून आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. कोकणात घराघरांवर तिच्या पाट्या दिसतात. परकोटाच्या आत, अचलपूरच्या दुल्हा दरवाज्याकडं, नागपूरच्या महाल भागात अशी किती घरं तग धरून आहेत! मुलं पुण्याला, म्हातारा-म्हातारी दोघंच, वरच्या खोल्यांना कुलूप. दर पावसाळ्यात कौलांचा खर्च, म्हणून शेवटी बिल्डरला देऊन टाकतात. त्यातल्या दोन खोल्यांना मोरी जोडली आणि महिन्यातून चार रात्री पाहुणा आला तर कौलांचा खर्च तरी निघेल. पण ही योजना आहे, तिचा अर्ज कुठं मिळतो, हे त्या म्हाताऱ्याला कुणी सांगायचं? आपला पेपर त्या घरात रोज सकाळी पडतो.

तर माझी विनंती अशी. यापुढं पुरवणीत कुठल्याही जुन्या शहराचं हॉटेल छापताना तीन गोष्टी द्या: मुख्य जुन्या वास्तूपासून पायी किती मिनिटं, पायऱ्या किती, आणि इमारत कोणत्या सालची. जागा कमी पडत असेल तर पोहण्याच्या तलावाचा फोटो गाळा. दुसरं, आपल्या चंद्रपूरच्या वार्ताहरांना परकोटाच्या आत एकदा पायी फिरवा आणि कोणती जुनी घरं राहती आहेत, कुणाची पाहुणे ठेवायची तयारी आहे, न्याहारी-निवासाची नोंदणी करताना काय काय कागद लागतात, यावर लिहून घ्या. येत्या फेब्रुवारीत आमचं कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. काकू चंद्रपूरच म्हणताहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
तालुका देवळी, जिल्हा वर्धा

ता. क. कुणी हे वाचून अहमदाबादला जाणार असेल तर संक्रांतीच्या आसपासचे दिवस टाळा, किंवा फार आधी खोली सांगून ठेवा. उत्तरायणाला पोळमधल्या गच्च्यासुद्धा पतंगासाठी भाड्यानं जातात आणि खोल्यांचे भाव चढतात. पतंगच पाहायचे असतील तर गोष्ट वेगळी. मग दोन रात्री पुरतात आणि कानात घालायला कापूस घरूनच न्यावा, आपल्याकडं त्याला तोटा नाही.